सैल बसणारं कुलूप

डबी हातात दिली की माणसं आधी झाकण फिरवून बघतात. झाकण फिरतं. आटे लागत नाहीत, कुठं अडत नाही; उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, ते आपलं फिरतच राहतं. मग ओढून बघतात. झाकण केसभर वर येतं आणि थांबतं. मग डबी कानाशी नेऊन हलवली जाते. आत काहीतरी वाजतं, हलकं, धातूचं. कुणी ती उलटी करून तळाशी बटण शोधतं, कुणी सांध्यात नख घालून चाचपतं. सव्वातीन इंच व्यासाची गोल लाकडी डबी, अंगाला दोन लाल पट्टे, बाकी लाकडाचा मूळचा पिवळा रंग. किल्लीचं भोक नाही, बिजागरी नाही, कडी नाही. आणि तरीही ती बंद आहे.

उघडायची रीत आधीच सांगून टाकतो, कारण ती कळल्यावरच या डबीतली खरी कारागिरी दिसायला लागते. डबी सपाट टेबलावर ठेवायची, दोन बोटांत धरून भोवऱ्यासारखी गिरकी द्यायची आणि ती थांबता थांबता, जराही न कलवता, झाकण सरळ वर उचलायचं. ते अलगद हातात येतं.

आतली रचना अशी. डबीच्या काठाजवळची भिंत मुद्दाम जाड ठेवलेली असते, १२ मिलिमीटर. त्या भिंतीत तीन आडवी भोकं असतात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, तिन्ही मध्याकडे रोखलेली. प्रत्येक भोकात एक पितळी पिन सैल सोडलेली. झाकणाचा जो भाग डबीच्या तोंडात उतरतो त्याला इथं गळा म्हणू. त्या गळ्याभोवती एक खोबण कातलेली असते. पिन आत सरकली की तिचं टोक खोबणीत शिरतं आणि झाकण अडतं. पिन बाहेर सरकली की गळ्याची वाट मोकळी.

आता डबी कलवून बघा. ज्या बाजूला ती कलते त्या बाजूची पिन उतारानं बाहेर सरकते. पण त्याच उतारानं समोरच्या बाजूची पिन आत येते आणि कुलूप लागतं. दोनच पिना असत्या तर एक पळवाट उरली असती: दोन्ही पिनांच्या रेषेला आडवं कलवलं तर त्या जागच्या हलत नाहीत. तीन पिना असल्या की डबी कुठल्याही दिशेला कलवा, निदान एक तरी पिन आत येतेच. उलटी केली तरी काही साधत नाही, कारण भोकं आडवी आहेत. वर-खाली होण्यानं पिनांना आत किंवा बाहेर जायची दिशाच मिळत नाही. ओढणं, पिळणं, हलवणं, आपटणं, उलटं धरणं, बंद वस्तूशी आपण एरवी जे जे करतो त्यांत तिन्ही पिना एकाच वेळी बाहेर लोटेल अशी हालचाल नाही. ती फक्त गिरकीत आहे.

आणि गिरकी फार जोराची लागत नाही. पिन मध्यापासून साधारण ३४ मिलिमीटरवर आहे. पितळ आणि लाकूड यांच्यातला घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर सेकंदाला दीड फेरा झाला की पिन बाहेर निघते. गोट्या-भोवरे खेळलेला कुठलाही हात याच्या कितीतरी पट वेग सहज देतो.

हे सगळं कागदावर शाळेतल्या विज्ञानाचं आहे. ते लाकडात उतरवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती बघायला मी गेलो.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेली काही माणसं घरच्या गॅरेजात लाकडासाठी लेथ मशीन मांडून बसलेली आहेत. त्यांतल्या एका काकांकडे ही डबी बनते. नाव छापू नका, असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. गॅरेजच्या एका भिंतीला फळीवर फळी लावलेली आणि त्यांवर अर्धवट कातलेले, ओबडधोबड वाट्यांसारखे ठोकळे रचलेले. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि तारखेखाली वजनांची रांग: ३१२, ३०४, २९९, २९७, २९७. ग्रॅममध्ये. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. तोवर त्याला हात लावायचा नाही.

ही वाट बघणं टाळता येत नाही. लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. बुंध्याच्या लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं थोडं आक्रसतं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेनं त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून लेथवर अगदी गोल कातलेली डबी काही आठवड्यांत अंडाकार होते. डोळ्याला दिसत नाही, झाकणाला कळतं. ज्यांच्या घरी जुना लाकडी करंडा आहे त्यांनी हे अनुभवलं असेल: पावसाळ्यात झाकण एका जागी नीट बसतं, पाव फेरा फिरवलं की अडकतं. दोन अंडाकृती एकमेकींशी जुळल्या तर बसतात, आडव्या आल्या तर भांडतात. त्यामुळे काका ठोकळा आधी आतून पोकळ करून, भिंती जाड ठेवून वाळत टाकतात. वाळताना त्याला जे वाकडं व्हायचंय ते होऊ देतात आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करतात. डबी आणि झाकण एकाच तुकड्यातून निघालं पाहिजे हा दुसरा नियम. शिसमाचं झाकण आणि हळदूची डबी दिसायला सुंदर. पण दोन लाकडं पावसाला दोन तऱ्हांनी उत्तर देतात.

त्या दिवशी लेथच्या चकात, म्हणजे ठोकळा पकडणाऱ्या जबड्यात, हळदूचा ठोकळा होता. हेदूच्या झाडाचं हे लाकूड पिवळं, बारीक पोताचं, कातायला फार गुणी. मशीन सुरू झालं, गाऊज नावाच्या कातायच्या हत्याराची धार लाकडाला टेकली आणि सुरुवातीला जो खडखडाट होता तो ठोकळा गोल होत गेला तसा विरून सुळसुळाट झाला. कीस लांबच लांब निघू लागला. कानानंच कळतं गोल झालं की नाही, काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती.

मग भोकं. लेथच्या मागच्या बाजूला २४ घरांची एक चकती असते. तिच्यात खिटी अडकवली की स्पिंडल तिथंच थांबतं. एक भोक पाडायचं, आठ घरं पुढं जायचं, दुसरं. पुन्हा आठ, तिसरं. ड्रिलला सरळ रेषेत धरायला त्यांनी स्वतः बनवलेली एक बैठक आहे, सागाच्या ठोकळ्यात पोलादी नळी बसवलेली. आधी बाहेरून ५ मिलिमीटरचं भोक, ९ मिलिमीटर खोल. मग त्याच्याच तळातून ३ मिलिमीटरचं, आरपार. भोकाला अशी पायरी मिळाली की डोक्याची पिन वापरता येते. पिनेचं डोकं पायरीवर अडतं आणि फक्त दांडीचं टोक आत डोकावतं. ही पायरी नसेल तर झाकण काढल्यावर डबी जराशी कलली की पिना घरंगळून डबीतच पडतील आणि डबीचं गुपित वाटीभर दागिन्यांत मिसळेल.

पुढची युक्ती मला सगळ्यांत आवडली. झाकणाच्या गळ्यावर खोबण नेमकी कुठं कातायची? ती भोकांच्या रेषेतच यायला हवी. काका पट्टी घेऊन मोजत बसले नाहीत. झाकण डबीवर ठेवलं, भोकातून पेन्सिलीचं शिसं आत सारलं आणि झाकण एक फेरा फिरवलं. काढून बघितलं तर गळ्याभोवती एक बारीक करडी रेघ उमटलेली. तिच्यावरच पार्टिंग टूल टेकवलं आणि खोबण कातली, ४ मिलिमीटर रुंद, साडेतीन खोल. ज्या भोकातून पिन येणार त्याच भोकानं आपली जागा दाखवली. चुकायला जागाच राहिली नाही.

पिना पितळेच्या. डोकं ४.८ मिलिमीटर, दांडी २.८. पाच आणि तीनच्या भोकात हे आकडे ऐकून माझ्या मनात जो प्रश्न आला तो काकांना आधीच माहीत होता. 'चाळीस वर्षं शंभराव्या मिलिमीटरवर भांडण्यात गेली. तिथं सैल म्हणजे रिजेक्ट. इथं सैल म्हणजे काम,' ते म्हणाले. 'पिन घट्ट बसली तर ही डबी नाही, लाकडाचा ठोकळा आहे.'

या डबीबद्दल मला जे सांगायचंय ते याच जागी आहे. लेथवरच्या कामाची ओळख आपल्याकडे घट्ट मेळावरून होते. झाकण बसवलं की हवा दाबली जाऊन 'पुक' असा आवाज आला पाहिजे, सांधा दिसता कामा नये, नख फिरवलं तर लागता कामा नये. हे सगळं खरं, आणि अवघडही. पण कुलूप नावाची वस्तू घट्टपणावर चालत नाही. कुठलंही कुलूप उघडून बघा, आत हलणारे भाग असतात आणि ते हलतात म्हणूनच कुलूप लागतं आणि निघतं. लोखंडात ही मोकळीक एकदा ठेवली की कायमची राहते. लाकडात ती दर ऋतूला बदलते. म्हणून लाकडी कुलूप बनवणाऱ्याचं सगळं कसब एका प्रश्नात येतं: सैल किती ठेवायचं?

झाकणाचंच घ्या. गळा आणि डबीचं तोंड यांच्यात काका तीन दशांश मिलिमीटर मोकळीक ठेवतात. साध्या करंड्यासाठी हे फार झालं; असं झाकण दुकानदार परत पाठवेल. इथं ते मुद्दाम आहे. साधारण ५८ मिलिमीटर व्यासाच्या तोंडात पावसाळ्यानं दोन-अडीच दशांशाचा फरक पडू शकतो, तेवढा सोसून झाकण मोकळं फिरलं पाहिजे. दुसरं कारण माणसाचं आहे. झाकण जरा जरी घट्ट असलं तर हातात घेणाऱ्याला वाटतं, अडकलंय. आणि अडकलेल्या गोष्टीवर आपण जोर लावतो. सैल फिरणारं झाकण पहिल्या क्षणालाच सांगून टाकतं की इथं जोराचं काम नाही. कोड्यानं निदान एवढं खरं बोललं पाहिजे, असं मला वाटतं.

भोकाच्या आत काही लावायचं नाही, हाही कडक नियम. मेण नाही, तेल नाही, ग्राफाइट नाही. मला आधी हे उलटं वाटलं. पिन जितकी गुळगुळीत सरकेल तितकं चांगलं ना? नाही. गिरकी संपता संपता डबी डुलते. डुलण्यात ती दोन-तीन अंशांनी कलतेच. तेवढ्या उतारावर पिना जागच्या जागी थांबल्या नाहीत तर झाकणाला हात लागायच्या आत कुलूप पुन्हा लागलेलं असेल. ०.३ गुणांकाचं घर्षण असेल तर साधारण १६-१७ अंश कलल्याशिवाय पिन हलत नाही. म्हणजे लाकडाचा जो खरखरीतपणा पिनेला अडवतो, तोच तिला बाहेर धरूनही ठेवतो. फार गुळगुळीत केलं तर डबी उघडणार नाही, फार खरखरीत ठेवलं तर लागणार नाही. काका बोटाच्या टोकावर ठोकळा कलवत बसतात आणि पिनेचा 'टिक' आवाज किती कलल्यावर येतो ते ऐकतात. नाही जमलं तर कानशीचा एक हलका हात, पुन्हा ऐकणं.

शेवटी भोकांची तोंडं बुजवायची. त्याच ठोकळ्यातून काढलेले दोन मिलिमीटर जाडीचे बुच, लाकडाच्या रेषा जुळवून बसवलेले. फेव्हिकॉल काडीच्या टोकानं फक्त कडेला लावायचा, कारण एक थेंब आत ओघळला तर पिन जन्माची चिकटली. बुच सुकले की डबी पुन्हा चकात आणि वरचा उंचवटा कातून सफाई. यानंतरही नजर तयार असेल तर तीन बारीक वर्तुळं दिसतात. त्यांच्यावर लाल पट्टा येतो. पट्टा सावंतवाडीचा. तिकडे येतोच.

त्याआधी थोडं मागं जायला हवं, कारण लेथवर पोकळी कातून तिच्यात काहीतरी दडवण्याचा उद्योग फार जुना आहे. त्यातलं सर्वांत थक्क करणारं काम जपानात झालं. इसवी सन ७६४ मध्ये एक बंड मोडल्यावर सम्राज्ञी शोतोकू हिनं दहा लाख छोटे लाकडी पॅगोडे बनवायची आज्ञा दिली. ७७० पर्यंत काम पुरं झालं आणि ते दहा मोठ्या मंदिरांत वाटले गेले. प्रत्येक पॅगोडा लेथवर कातलेला, वीतभर उंचीचा. त्याचा कळस वेगळा निघतो, आणि कळस काढला की खाली कातलेल्या पोकळीत कागदाची बारीक सुरळी: छापलेला बौद्ध धारणी मंत्र. जगात आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या छपाईच्या नमुन्यांत या सुरळ्यांची गणना होते. नारा जवळच्या होर्युजी मंदिरात त्यांतले ४० हजारांहून अधिक पॅगोडे अजून आहेत. छपाईचा इतिहास लिहिणारे या कागदांबद्दल भरभरून लिहितात. ज्यांनी दहा लाख कळस दहा लाख पोकळ्यांत बसतील असे कातले त्या हातांबद्दलही तेवढंच लिहिलं जावं.

त्याच जपानात, हाकोने घाटात, एकोणिसाव्या शतकात 'हिमित्सु-बाको' म्हणजे गुपिताच्या पेट्या बनू लागल्या आणि आजही बनतात. त्या लेथच्या नव्हेत. पातळ फळ्या ठरलेल्या क्रमानं सरकवून उघडायच्या, कधी मोजक्या हालचालींत, कधी डझनावारी. त्यांत आणि आपल्या डबीत मोठा फरक आहे. चौकोनी पेटीला बाजू असतात, कोपरे असतात, म्हणून शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. गोल डबीला बाजूच नाही. लेथनं सगळीकडून सारखी केलेली वस्तू बोटांना धरायला काहीच देत नाही. गुपित दडवायला याहून चांगला आकार मला माहीत नाही.

युरोपात हा छंद राजांपर्यंत गेला. सॅक्सनीच्या ड्रेस्डेन दरबारात सोळाव्या शतकात हस्तिदंत कातणारे कारागीर नोकरीला होते आणि खुद्द तिथला सत्ताधीश, इलेक्टर ऑगस्ट, लेथवर बसायचा. रशियाचा पीटर द ग्रेट कातकामात तरबेज होता. त्याची लेथ मशीनं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला तर दोन्हीचा नाद, कातकामाचाही आणि कुलपांचाही. फ्रान्स्वा गामँ नावाचा कुलूपकार त्याच्या हाताखाली आणि त्याच्याबरोबर काम करायचा. क्रांतीच्या काळात राजानं पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात लाकडी तावदानामागं, भिंतीत एक लोखंडी कपाट बसवून घेतलं आणि गोपनीय कागद त्यात ठेवले. नोव्हेंबर १७९२ मध्ये गामँनं जाऊन मंत्री रोलाँ यांना त्या कपाटाची जागा सांगितली. ते कागद राजाविरुद्धच्या खटल्यात पुढं आले आणि २१ जानेवारी १७९३ ला राजाला गिलोटिनखाली नेलं गेलं. कुलूप शाबूत होतं. गुपित ज्यानं बनवलं त्याच्याकडून ते गेलं.

घराघरांत खेळण्यासाठी अशा वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये विकल्या जात होत्या. 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावानं लिहिणारे बॅरिस्टर अँजेलो लुईस यांचं 'पझल्स ओल्ड अँड न्यू' हे पुस्तक १८९३ साली लंडनमध्ये निघालं. बॉक्सवूडच्या घट्ट, पिवळ्या लाकडातून कातलेली बरीच खेळणी त्यात सापडतात. ही परंपरा जपणारा सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेत आहे: जेरी स्लोकम यांनी जमवलेली ३० हजारांहून अधिक यांत्रिक कोडी २००६ पासून इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात जाऊ लागली. ग्रंथालयात, पुस्तकांच्या शेजारी. हा मान मला योग्य वाटतो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे कातारी होते. लाकूड कातणाऱ्याला मराठीत हा खास शब्द आहे, आडनावातही तो उतरलाय. पाळण्याचे खांब, लाटणी, रवीच्या दांड्या, भोवरे, देव्हाऱ्याचे कळस, बुद्धिबळाची प्यादी, सगळं त्यांच्याकडून यायचं. आणि करंडा. मेण वेगळं, कुंकू वेगळं, वर आरसा: आधी कपाळावर मेणाचं बोट, त्यावर कुंकू, अशी लावायची पद्धत असताना तीन मजल्यांचा लाकडी करंडा ही रोज हाताळायची वस्तू होती. दिवसातून एकदा तरी तिचं झाकण निघायचं आणि बसायचं, पन्नास-पन्नास वर्षं. झाकणाच्या मेळाची इतकी लांब परीक्षा दुसऱ्या कुठल्या वस्तूची झाली असेल?

सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाखकामाची खेळणी आणि लाकडी फळं मांडलेली दिसतात. अठराव्या शतकात खेम सावंतांच्या काळात इथं लाखकामाला आणि गंजिफा पत्त्यांच्या चित्रकलेला राजाश्रय मिळाला. पुढं ही कला मावळत चालली असताना शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, आणि सत्वशीलादेवी स्वतः गंजिफा रंगवायला शिकल्या. मी गेलो ते गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात, काकांची बुच बसवलेली, अजून कोरी असलेली डबी घेऊन. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक मोटर, पट्ट्यावर चालणारी दोन मशीनं आणि ती चालवणारे साठीतले गृहस्थ.

त्यांनी डबी हातात घेतली, अंगठा काठावरून फिरवला आणि तीन बुचांवर एकापाठोपाठ एक बोट ठेवलं. मला दिवसाउजेडी भिंग लावून दिसले नव्हते. मग झाकण फिरवलं. 'ह्या सैल ठेवलां ता बरा केलां,' ते म्हणाले. 'लाकूड पावसात फुगतलां, तेका जागा ठेवूक व्हयी.' पुण्याच्या टूलरूममधला माणूस जे आकड्यांनी सांगत होता तेच कोकणातल्या या माणसानं अंगठ्यानं सांगितलं.

लाख लावण्याची क्रिया एकदा जवळून बघावी. डबी मशीनवर गरगरत असते. रंगवलेल्या लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरली की घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. चूल नाही, ब्रश नाही, सुकायची वाट बघणं नाही. पट्ट्याच्या कडा आधी टोकदार हत्यारानं कोरून घेतलेल्या असतात, त्या रेघांच्या बाहेर रंग जात नाही. मग एक सपाट लाकडी पट्टी दाबून रंग सारखा करायचा, आणि वर चकाकी. कर्नाटकात चन्नपट्टणला या चकाकीसाठी केवड्याचं पान वापरतात. तिथली खेळणी ज्या लाकडाची बनतात तो आपल्याच रानातला काळा कुडा, पांढरंशुभ्र, बारीक पोताचं लाकूड. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली.

पाच-सात मिनिटांत तीन बुच लाल पट्ट्याखाली गेले. दुसरा पट्टा खाली, फक्त शोभेला. एकच पट्टा असता तर बोट तिथंच गेलं असतं. हा सल्ला सावंतवाडीकरांचा. लाखेचा थर लाकडाबरोबर थोडा ताणतो आणि आक्रसतो, त्यामुळे बुचाची कड पुढं उमटली तरी पट्टा तडकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मला तिथं उभं असताना जाणवलं ते हे. या डबीला जे जे लागतं ते सगळं या शेडमध्ये आधीपासून होतं. गोल कातणारा हात, वाळलेलं लाकूड, मेळाची समज, आणि सांधा झाकणारी लाख. नव्हती ती फक्त तीन भोकं पाडायची बैठक. आपल्या हस्तकलेबद्दल बोलताना आपण नेहमी बाजारपेठ, अनुदान, प्लास्टिकची स्पर्धा यांबद्दल बोलतो. ते प्रश्न खरेच आहेत. पण लाकडी आंबे आणि केळी यांच्यापुढं जाणारं एखादं नवं काम कारागिरापुढं ठेवणं, त्याच्या हाताला पुरेसं अवघड वाटेल असं, हेही कुणीतरी केलं पाहिजे. एरवी सावकाश, मोजकं बोलणारे ते गृहस्थ डबीची गिरकी पाहिल्यावर उठून उभे राहिले आणि तिचा तळ बघू लागले.

तळात एक गोष्ट आहे, ती सांगायची राहिली. लेथवर कातलेल्या डबीचा तळ नेहमी आतल्या बाजूला किंचित खोलगट ठेवतात, म्हणजे ती कडांवर ठाम बसते. या डबीचा तळ उलटा, मध्यावर किंचित फुगीर आहे. एक मिलिमीटरही नसेल. सपाट जागी ठेवली तर ती जरा डुलते. फिरायला हे बरं, पण काकांनी ते तेवढ्यासाठी केलेलं नाही. शोधणाऱ्याला एक खूण मिळायला हवी, असं त्यांचं म्हणणं. झाकण सैल फिरतं, ही पहिली खूण. आतला टिक आवाज, ही दुसरी. ठाम न बसणारा तळ, ही तिसरी. तिन्ही एकत्र करून विचार केला तर माणूस गिरकीपर्यंत पोचतो. ज्या कोड्यात अशी खूण नसते ते फक्त नशिबानं उघडतं, आणि नशिबानं उघडलेल्या डबीचा आनंद होत नाही. मुलांना मात्र खुणा लागत नाहीत. गोल काही दिसलं की ते फिरवून बघायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, आणि म्हणून या डबीपुढं आठ वर्षांचं मूल इंजिनिअरला बऱ्याचदा मागं टाकतं.

सावंतवाडीच्या गृहस्थांनी तळावरून बोट फिरवलं आणि विचारलं की हीच रचना करंड्यात बसेल का. मेणाचा मजला तसाच ठेवायचा, कुलूप खालच्या मजल्याला. अडचण त्यांनीच काढली: करंड्याची भिंत बारीक असते, १२ मिलिमीटर जाडी दिली तर तो ओबड दिसेल. मग त्यावरचा उपायही त्यांनीच शोधला. भिंत बारीकच ठेवायची आणि जिथं पिना येणार तिथं बाहेरून एक जाड गोल कडं कातायचं. करंड्यावर अशी कडी एरवीही असतातच, कुणाला वेगळं वाटणार नाही. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी त्याचं चित्र काढलं, मी ते पुण्याला पाठवलं. काकांनी त्यावर आकडे घालून परत पाठवलेत: कडं १३ मिलिमीटर, पिनेची दांडी साडेसहा, भोकाची बैठक सागाचीच चालेल, नळी मात्र पोलादीच हवी. बैठक ते इथून बनवून पाठवणार आहेत. लाकूड तिकडं काळ्या कुड्याचं निवडलंय. वाळत टाकलेल्या ठोकळ्यांवर आता तिथंही पेन्सिलीनं वजनं लिहिली जातात.